कशाचे मोल? २५ ग्रॅम मोरचूद आणि एका चुकीचा माग

निफाड तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवते. अकरावीच्या पहिल्या चाचणीचे पेपर तपासताना एका मुलीच्या उत्तरपत्रिकेपाशी मी थांबले. मुलगी हुशार. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणित पक्कं, अक्षर मोत्यासारखं. मोलवरचे पाच प्रश्न होते, त्यातले दोन बरोबर आणि तीन चूक. (मोल म्हणजे डझनासारखं, पण अणू-रेणू मोजायचं भलंमोठं एकक.) गुणाकार-भागाकार मात्र पाचही ठिकाणी अचूक होते. आकडेमोड चुकलेली नसताना उत्तर चुकतं, तेव्हा गडबड आणखी आत कुठेतरी असते. ती शोधायला मला दोन आठवडे लागले. त्याचीच ही हकिकत, तिच्या आणि तिच्या घरच्यांच्या परवानगीने, नाव न देता.

तिचे पाच प्रश्न आणि उत्तरं अशी होती.

०.५ मोल पाण्यात रेणू किती? तिने ०.५ ला ६.०२२ × १०^२३ ने, म्हणजे एका मोलमधल्या कणांच्या संख्येने, गुणलं आणि ३.०११ × १०^२३ लिहिलं. बरोबर. (१०^२३ म्हणजे १० चा २३ वा घात, पुढेही असंच लिहिते आहे.)

त्याच ०.५ मोल पाण्यात एकूण अणू किती? पुन्हा ३.०११ × १०^२३. चूक. पाण्याच्या एका रेणूत तीन अणू असतात, म्हणून उत्तर ९.०३३ × १०^२३.

४ ग्रॅम ऑक्सिजन वायूत अणू किती? ४ भागिले १६ (एक मोल ऑक्सिजन अणूंचं ग्रॅममधलं वजन) म्हणजे ०.२५, आणि उत्तर १.५०६ × १०^२३. बरोबर.

त्याच ४ ग्रॅममध्ये रेणू किती? तिने ‘वरीलप्रमाणे’ लिहून तोच आकडा दिला. चूक. रेणूत दोन अणू, म्हणजे रेणू निम्मेच, ०.७५३ × १०^२३.

२५ ग्रॅम मोरचुदात, म्हणजे स्फटिकी कॉपर सल्फेटमध्ये (CuSO₄·5H₂O), ऑक्सिजनचे अणू किती? २५ भागिले २४९.७ (एक मोल मोरचुदाचं ग्रॅममधलं वजन) म्हणजे ०.१, आणि उत्तर ०.६०२ × १०^२३. चूक. बरोबर उत्तर ५.४२ × १०^२३.

मी लाल पेनाने फुल्या मारल्या, बेरीज केली आणि गठ्ठा बाजूला ठेवला. रात्री स्वयंपाक करताना लक्षात आलं की तिन्ही चुका एकाच घरातल्या आहेत. दुसरं उत्तर एक तृतीयांश झालंय, चौथं दुप्पट, पाचवं एक नवमांश. तीन, दोन आणि नऊ. पाण्याच्या रेणूतले तीन अणू, ऑक्सिजनच्या रेणूतले दोन, मोरचुदाच्या एका घटकातले ऑक्सिजनचे नऊ. सूत्रात खाली लिहिलेला आकडा तिने कुठेच वापरला नव्हता. तिच्या लेखी ‘मोल’ आला की गुणिले ६.०२२ × १०^२३, आणि विषय संपला.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त खटकला, कारण तो बरोबर आला होता. ४ ला १६ ने भागलं की थेट अणूंचे मोल मिळतात, म्हणून उत्तर जमलं. पण तिने १६ हा आकडा काही ‘मला अणू मोजायचे आहेत’ असं ठरवून घेतला नव्हता; तक्त्यात ऑक्सिजनपुढे १६ दिसला, तो उचलला. चौथ्या प्रश्नात रेणू विचारले तरी १६च राहिला. तिसऱ्याला पूर्ण गुण देऊन मीच तिची चूक झाकली होती. तेव्हापासून असे दोन प्रश्न मी नेहमी जोडीने विचारते, अणूंचा आणि लगेच रेणूंचा. एकटा विचारला तर कोणाला समजलंय आणि कोणाचं नुसतं जुळून आलंय, हे कळायला मार्गच नाही.

पहिला उपाय आणि तो का फसला

पहिल्यांदा मी जे केलं ते बहुतेक शिक्षक करतात. तिला बोलावलं, फळ्यावर वस्तुमान, मोल आणि कणसंख्या यांचा त्रिकोण काढला, कुठून कुठे जाताना गुणायचं आणि कुठे भागायचं ते बाण दाखवले, आणि शेवटी सांगितलं, “अणू विचारले तर सूत्रातल्या आकड्याने गुणायचं, विसरायचं नाही.” तिने वहीत चौकट करून लिहून घेतलं.

चार दिवसांनी पुन्हा प्रश्न दिले. मोरचुदाचं उत्तर आलं २.४१ × १०^२३. आता तिने चाराने गुणलं होतं. सल्फेटपुढचा चार दिसला, पुढच्या टिंबानंतरचे पाण्याचे पाच रेणू राहून गेले. “मॅडम, ते टिंबाच्या पलीकडचं वेगळं असतं ना?” ती म्हणाली. तिला ते टिंब दशांशचिन्हासारखं किंवा शेरा लिहिल्यासारखं वाटत होतं. पाणी म्हणजे जणू स्फटिकाला बाहेरून लागलेली ओल.

उलटा प्रश्न तर आणखी बिघडला. ‘मोरचुदाच्या एका नमुन्यात ऑक्सिजनचे १.८०७ × १०^२४ अणू आहेत, तर मोरचूद किती मोल?’ अणूंचे मोल तिने बरोबर काढले, ३. मग नियम आठवला, ‘सूत्रातल्या आकड्याने गुणायचं’. या वेळी नऊ धरले आणि उत्तर लिहिलं २७ मोल. म्हणजे जवळजवळ पावणेसात किलो मोरचूद! ३ मोल ऑक्सिजन अणूंचं वजन ४८ ग्रॅम. ४८ ग्रॅम ऑक्सिजन असलेला मोरचूद पावणेसात किलो कसा असेल? खरं उत्तर ३ भागिले ९, म्हणजे ०.३३३ मोल, सुमारे ८३ ग्रॅम.

नियम मीच दिला होता, आणि त्यात ‘कशाचं काय करायचंय’ हा शब्दच नव्हता. गुणायचं की भागायचं हे पाठ करून घेतलं की ते उलटं वापरलं जाणारच. त्रिकोणाचंही तेच. त्याच्या एका कोपऱ्यात ‘कणसंख्या’ लिहितात, पण कोणते कण ते त्रिकोण सांगत नाही. आणि नेमकी तिथेच ही मुलगी अडखळत होती.

घड का मणी?

तिच्या घरी द्राक्षबाग आहे. आमच्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरी असते. एकदा मधल्या सुट्टीत ती डबा खात असताना मी सहज विचारलं, “समज, एका क्रेटमध्ये ५० घड बसतात आणि एका घडाला १०० मणी राखलेत. तर तीन क्रेटमध्ये किती?”

तिने मान वर करून विचारलं, “काय किती? घड का मणी?”

मी काहीच बोलले नाही. दोनेक क्षणांनी तीच हसली आणि म्हणाली, “हां.”

पेपरात जो प्रश्न तिने एकदाही विचारला नव्हता, तो द्राक्षांच्या बाबतीत आपसूक तोंडून आला होता. कारण विरळणी करताना तिने स्वतः मणी मोजलेत. घड आणि मणी यात गल्लत करणं तिला शक्यच नाही. तिथे आकड्यामागे वस्तू उभी असते. वहीतल्या ०.१ मागे काहीच उभं नव्हतं, तो नुसता ०.१ होता.

आपली भाषाही इथे मदतीला येते. दुकानात जाऊन कोणी ‘अर्धा किलो द्या’ म्हटलं तर दुकानदार विचारणारच, काय? ‘कशाचं?’ या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय माप पुरं होत नाही. मोलचंही तसंच आहे, आणि ही काही मी शिकवण्यासाठी काढलेली युक्ती नाही; ती अट एककाच्या व्याख्येतच आहे. १९७१ साली मोल हे एसआय या आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीचं मूलभूत एकक झालं तेव्हा व्याख्या कार्बन-१२ च्या १२ ग्रॅमवर बेतलेली होती. २० मे २०१९ पासून ती बदलली, आता एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ × १०^२३ घटक. पण दोन्ही वेळी सोबत हेही सांगितलंय की घटक कोणता ते नमूद करायचं: अणू, रेणू, आयन, इलेक्ट्रॉन किंवा कणांचा ठरावीक गट. मुलांपर्यंत यातला भलामोठा आकडा पोचतो, अट पोचत नाही. माझ्या अनुभवात तरी आकडा कोणी विसरत नाही. अट सगळेच विसरतात.

त्या दिवसापासून तिच्या वहीत एकच बंधन घातलं. त्रिकोण बंद, चौकटीतला नियम खोडला. कुठलाही आकडा एकटा लिहायचा नाही, त्याच्यामागे वस्तूचं नाव हवंच. २५ ग्रॅम मोरचुदाचं गणित मग असं दिसू लागलं:

२५ ग्रॅम मोरचूद ÷ २४९.७ = ०.१ मोल मोरचूद
१ मोल मोरचुदात ९ मोल ऑक्सिजन अणू, म्हणून ०.१ मोल मोरचुदात ०.९ मोल ऑक्सिजन अणू
०.९ × ६.०२२ × १०^२३ = ५.४२ × १०^२३ ऑक्सिजनचे अणू

मधली ओळ म्हणजेच घडावरून मण्यांवर येणं. पहिल्या पेपरात तीच ओळ नव्हती. आणि उलट्या प्रश्नात हीच ओळ उलटी वाचली की झालं: मणी ३ मोल आहेत, प्रत्येक घडाला ९ लागतात, तर घड किती? भागायचं की गुणायचं हे वेगळं पाठ करावं लागत नाही. नऊ मण्यांचा एक घड, म्हणजे घडांचा आकडा मण्यांपेक्षा लहानच येणार.

ही उपमा मी फार ताणत नाही. घडातले सगळे मणी एका जातीचे असतात; मोरचुदाच्या एका घटकात मात्र एक कॉपर, एक सल्फर, नऊ ऑक्सिजन आणि दहा हायड्रोजन, असे २१ अणू असतात. शिवाय मोरचुदाचा सुटा रेणू असा नसतोच. स्फटिकात आयन आणि पाण्याचे रेणू एका मांडणीत बसलेले असतात. ‘एक घटक’ म्हणजे सूत्रात लिहिलेला सगळ्यात लहान हिशेब. हे तिला नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर घडही हातातून गेला असता.

मुशीतलं पाणी

टिंबाच्या पलीकडचं पाणी मात्र अजून तिच्या गळी उतरलं नव्हतं. वहीत ती नऊ लिहायची, पण मला दिसत होतं की ‘मॅडमनी सांगितलं म्हणून नऊ’. म्हणून शनिवारी प्रयोगशाळेत बसलो.

मुशीत २.५० ग्रॅम मोरचूद घेतला. निळे खडे खलबत्त्यात कुटून घेतले होते. मूस मंद आचेवर ठेवली आणि ती काचेच्या कांडीने हलवत राहिली. थोड्या वेळाने कडेचा निळा रंग फिका पडू लागला, आधी आभाळासारखा आणि मग राखेसारखा. वर धरलेल्या काचेच्या तबकडीला थेंब धरले. कोरड्या दिसणाऱ्या खड्यांतून पाणी येताना पाहून ती म्हणाली, “हे आत होतं?” निळा रंगही पाण्याबरोबर गेला होता. पाणी नुसतं वरून लागलेलं असतं तर रंग बदलायचं काहीच कारण नव्हतं.

इथे धीर धरावा लागतो. पाचांपैकी चार रेणू कॉपरला जोडलेले असतात, ते त्या मानाने लवकर सुटतात. पाचवा सल्फेटला हायड्रोजन बंधांनी धरून असतो, त्याला २०० अंशांच्या वर न्यावं लागतं. घाईने बर्नर बंद केला तर पाण्याचा हिशेब चाराच्या आसपास येऊन थांबतो. आणि आच फार वाढवली तर सल्फेटच फुटतं, पूड काळी पडू लागते आणि घशाला झोंबणारा वायू सुटतो. म्हणून आम्ही खिडक्या उघड्या ठेवल्या आणि मूस तापवून, निववून, वजन करून पुन्हा तापवली. दोन वजनं सारखी आली तेव्हाच थांबलो.

शेवटचं वजन १.६१ ग्रॅम. म्हणजे ०.८९ ग्रॅम पाणी गेलं.

हिशेब तिने एकटीने केला, प्रत्येक आकड्यापुढे नाव लिहून. ०.८९ भागिले १८.०२ म्हणजे ०.०४९४ मोल पाणी. १.६१ भागिले १५९.६ म्हणजे ०.०१०१ मोल कोरडं कॉपर सल्फेट. एकाला दुसऱ्याने भागलं, ४.९. ती थोडी हिरमुसली, पाच का नाही आलं म्हणून. मी म्हटलं, “अगं, पाण्याचा अर्धा रेणू कॉपरला चिकटून बसलाय का? तराजू शंभराव्या भागापर्यंतच दाखवतो. ४.९ म्हणजे पाचच.” मग पांढऱ्या पुडीवर थेंबभर पाणी टाकायला सांगितलं. पूड क्षणात निळी झाली आणि मूस तळहाताला गरम लागली. त्यानंतर टिंबाच्या पलीकडचं पाणी तिने कधी सोडलं नाही.

त्याच वेळी तिला डाल्टनची गोष्ट सांगितली, कारण तिला आपली चूक फार बाळबोध वाटत होती. १८०८ साली डाल्टनने पाणी म्हणजे एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असं धरलं होतं. त्यामुळे ऑक्सिजनचा अणू त्याच्या तक्त्यात हायड्रोजनच्या सुमारे ७ पटच जड निघाला, १६ पट नाही. वजनं हातात होती, पण एका रेणूत मणी किती तेच ठाऊक नव्हतं. १८११ साली अॅव्होगॅड्रोने वायूंच्या आकारमानांवरून रेणूतले अणू ठरवायची वाट दाखवली, पण तिच्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही. १८६० साली जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या परिषदेत कानिझारो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने ती पुन्हा मांडली, तेव्हा कुठे गोंधळ निवळू लागला. अॅव्होगॅड्रो तोवर या जगात नव्हता. ६.०२२ × १०^२३ या ज्या आकड्याला आज त्याचं नाव आहे तो त्याने स्वतः कधी काढलाही नव्हता. ते नाव १९०९ साली पेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिलं. सूत्रातल्या लहानशा आकड्याने रसायनशास्त्राला पन्नास वर्षं अडवून ठेवलं होतं. अकरावीतल्या मुलीला दोन आठवडे लागले, तर त्यात लाजायचं काय?

ड्रमपाशी

पुढचा भाग माझ्या हातचा नव्हता. सप्टेंबरात पाऊस लांबला, डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीरोगाच्या भीतीने सगळीकडे बोर्डो मिश्रण चाललं होतं. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. हे मिश्रण मुळात फ्रान्समधल्या बोर्दो भागातलं. डाऊनीवर ते चालतं हे मिलार्दे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ साली मांडलं, आणि आज आमच्याकडे ‘बोर्डो’ म्हटलं की शेंबडं पोरही मोरचूद-चुना सांगेल.

ती सोमवारी वही घेऊन आली. घरी ड्रमपाशी उभी राहून तिने हिशेब मांडला होता. १००० ग्रॅम मोरचूद भागिले २४९.७, ४ मोल मोरचूद. एका मोरचुदात एक कॉपर, म्हणून ४ मोल कॉपर, २५४ ग्रॅम. “म्हणजे मॅडम, किलोभर मोरचुदात पाव किलोच तांबं. आणि पाणी ३६० ग्रॅम! आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, मग आपण पाणी विकत आणतो का?”

तिच्या आप्पांचं मिश्रण झाल्यावर विळा बुडवून पाहायचं तंत्र तिने लहानपणापासून पाहिलंय. विळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा. आता तिने त्याचाही हिशेब लावला: लोखंडाचा एक अणू द्रावणात उतरतो, कॉपरचा एक अणू विळ्यावर बसतो. एकास एक. विळ्यावर ०.०१ मोल तांबं बसलं तर ०.०१ मोल लोखंड गेलं. पण वजनाने ०.६४ ग्रॅम तांबं आलं आणि ०.५६ ग्रॅम लोखंड गेलं. संख्या तीच, वजन वेगळं. हे उदाहरण मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. म्हणूनच मिश्रण प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये करतात, लोखंडी पिंपात नाही.

मग तिने मला अडवणारा प्रश्न विचारला. ४ मोल मोरचुदाला ४ मोल कळीचा चुना पुरला पाहिजे, म्हणजे ४ गुणिले ५६, साधारण २२४ ग्रॅम. मग कृतीत एक किलो का? तिचा हिशेब बरोबर होता. पण हा हिशेब शुद्ध चुन्याचा. बाजारातला चुना तसा नसतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्यातला काही आधीच चुनखडी झालेला असतो. शिवाय कॉपर सुटं राहिलं तर पान करपतं, म्हणून चुना जास्तच ठेवतात. म्हणूनच शेतकरी कागदावरच्या २२४ ग्रॅमवर विसंबत नाही, तो विळा बुडवून बघतो. मोलचा हिशेब कमीत कमी किती लागेल ते सांगतो. पिशवीत खरोखर काय आहे ते विळा सांगतो. ‘हिशेब केला म्हणून आप्पांना चुना कमी करायला सांगू नकोस’, एवढं मात्र मी बजावलं.

सहामाहीत मी मुद्दाम तुरटी दिली. तुरटीच्या सूत्रात, KAl(SO₄)₂·12H₂O मध्ये, कंसाबाहेर दोन आहे, म्हणजे सल्फेट दोन, आणि पाण्याचे बारा रेणू. ४७.४ ग्रॅम तुरटीत ऑक्सिजनचे अणू किती? तिने लिहिलं: ०.१ मोल तुरटी, एका तुरटीत ८ आणि १२ मिळून २० ऑक्सिजन, २ मोल ऑक्सिजन अणू, १.२०४ × १०^२४ अणू. एकही आकडा बिननावाचा नव्हता.

त्याच पेपरात आणखी एक प्रश्न होता, मीच काढलेला: ‘२ मोल नायट्रोजनमध्ये किती कण असतील?’ वर्गातल्या बाकी सगळ्यांनी १.२०४ × १०^२४ लिहून पुढची पानं उलटली होती. तिनेही तोच आकडा लिहिला, पण त्याच्या मागे ‘रेणू’ लिहिलं, खाली ‘अणू असतील तर २.४०९ × १०^२४’ अशी दुसरी ओळ घातली, आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात विचारलं, ‘मॅडम, कशाचे कण?’

प्रश्न अपुरा होता. मी तिला पूर्ण गुण दिले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर तो प्रश्न दुरुस्त करून लिहिला.